घरचं काढ

समोर कोणी ढसाढसा रडत असताना शांतपणे टोस्ट चहात बुडवून खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. टोस्ट कपात मोडून पडला, तर मात्र सरांचा चेहरा खरोखर पडायचा. मग ते रडणाऱ्या मुलीला हात वर करून थांबवायचे, चमच्याने तो लगदा काढून खायचे आणि म्हणायचे, "हं, पुढे. कुठे होतीस? वडील गेले?" मला तेव्हाच किळस यायला हवी होती. पण मला ॲडमिशन हवी होती.

अभिनयाच्या त्या अभ्यासक्रमाला जागा मोजक्या आणि मुलं राज्यभरातून येतात. ऑडिशनची तयारी करून घेणारे आमचे सर नारायण पेठेत एका छापखान्यावरच्या खोलीत शिकवत. आईने मला बजावलं होतं, "एक वर्ष दिलं तुला. झालं तर झालं, नाहीतर गुपचूप बी.एड."

सरांचं ठरलेलं वाक्य होतं, 'घरचं काढ'. म्हणजे आपल्या घरातलं दुःख शोध आणि ते आमच्यासमोर मांड. त्यावरून आम्ही पाठीमागे त्यांना घरचंसर म्हणायचो. खोटं रडणं त्यांना लगेच कळायचं. एका मुलाला म्हणाले, "अहो राजे, हा हुंदका आहे का उचकी? पाणी देऊ?" तो मुलगा दुसऱ्या दिवशी आजोबांचा कर्करोग घेऊन आला.

मला त्यांनी आधी आडनाव विचारलं. ते ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! तुझ्याकडे मटेरियल आहे." आम्ही बौद्ध. आजोबा पोस्टात होते, बाबा पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर, आई शाळेत गणित शिकवते. धायरीत आमचा फ्लॅट आहे, आणि पाणीपुरवठ्यातल्या साहेबांच्याच सोसायटीत रोज टँकर येतो, हे आमच्या घरातलं सगळ्यात मोठं दुःख. मी तसं सांगितलं.

"ते राहू दे. तू जरा मागे जा," सर म्हणाले.

मी दोन पावलं मागे सरकले.

"तसं नाही गं! पिढ्यांत मागे."

मला खरं तर तो टँकरच करायचा होता. सोसायटीचे चेअरमन, टँकरचा ड्रायव्हर आणि अंगाला साबण लावून गॅलरीत आलेले जोशीकाका, अशी तिन्ही माणसं मी एकटीने करून दाखवली. मुलं हसून लोळली. सरही इतके हसले की चहा सांडला. मग शर्ट पुसत म्हणाले, "फार छान. पण हसवायला बाकीची मुलं आहेत. तू रडव." हे त्यांनी प्रेमाने सांगितलं, माझ्या भल्यासाठी.

त्यांनी मला एक स्वगत लिहून दिलं. कचरा वेचणारी आई, दारुडा बाप आणि आईच्या पाटीशेजारी बसून अभ्यास करणारी मी. कचरा वेचणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, बोलले आहे त्यांच्याशी. त्यांच्यातली एकही इतकं भरजरी बोलत नाही. घरी दार लावून मी पाठ करायचे. एकदा आईने बाहेरून ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "त्या आईला स्वतःचं काही बोलायला दिलं नाही का गं तुमच्या सरांनी?"

एक मात्र मान्य करावं लागतं. आवाज त्यांनी घडवला. श्वास कुठून घ्यायचा, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कसा न्यायचा, यासाठी त्यांनी माझ्यावर जिवापाड मेहनत घेतली. ती मेहनत आणि माझ्यात 'मटेरियल' शोधणारी ती नजर एकाच माणसाची होती, याचाच मला जास्त संताप येतो.

ऑडिशनला मी ते स्वगत केलं. उत्तम केलं. परीक्षकांतल्या एकाने चष्मा काढून डोळे पुसले. शेजारच्या बाईंनी हळू आवाजात विचारलं, "हे तुझं स्वतःचं आहे का गं?"

"नाही. सरांनी लिहून दिलंय. माझी आई बाहेर बसलीय, पेपर तपासतेय."

बाईंच्या चेहऱ्यावरची माया झरझर उतरली. मी म्हणाले, "मला एक विनोदीही येतं. करू?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

यादीत माझं नाव नव्हतं. सर कळवळले. खरंच कळवळले. "अगं, हो म्हणायला काय जात होतं तुझं? आई काय आत येऊन ऐकणार होती?" मी जिना उतरले, ती पुन्हा चढले नाही.

ठरल्याप्रमाणे बी.एड. केलं. आता कसबा पेठेतल्या एका शाळेत शिकवते आणि स्नेहसंमेलनात मुलांकडून धमाल नाटकं बसवून घेते. गेल्या महिन्यात अचानक सरांचा फोन आला. आवाज थकलेला, पण गोडवा तोच. "एक मुलगी आलीय माझ्याकडे. तुमच्यातलीच. गुणी आहे. तिला जरा समजावून सांग, त्या दिवशी तू काय घालवून बसलीस ते."

मी तिचा नंबर घेतला आणि लगेच फोन लावला. पोरगी गोड बोलत होती, उत्साहात होती. कुठून सुरुवात करावी ते मला सुचेना, म्हणून सहज विचारलं, "तुझी आई काय करते गं?"

ती म्हणाली, "मॅडम, खरी सांगू का ऑडिशनमधली?"