झारची मीठ-भाकर

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. इतिहासात एम.ए. केलं, आता रायपूरच्याच एका कॉलेजात शिकवते. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. बाबांना तर माझ्याहून जास्त. सिलतऱ्याच्या कारखान्यात लोखंडाच्या भट्टीपाशी त्यांची उमर गेली. रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी विचारायचे, उद्या पोरांना काय शिकवणार.

एका दिवशी शिकवायला रशियाच्या झारांचे राज्याभिषेक होते. मी सांगितलं, नवा झार गादीवर बसला की ठिकठिकाणचे लोक त्याला नजराणा म्हणून पाव आणि मीठ द्यायचे. ताट मात्र चांदीचं, नक्षीचं, अन् मिठाला वेगळी चांदीची डबी. मग ती ताटं महालाच्या भिंतींवर लागायची.

"पण मीठ खाल्लं काय त्यानं?" बाबांनी विचारलं.

ते माझ्या वाचण्यात नव्हतं.

"मले कोणी देईन तर ताट वापस करीन. मीठ ठेवून घेईन."

मी हसले. ते हसत नव्हते. त्यांच्या किडन्या खराब झाल्या होत्या, डायलिसिस सुरू होतं आणि डॉक्टरांनी मीठ पार बंद केलं होतं. पहारा माझा. मिठाची बरणी मी माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवायचे. भट्टीसमोर घाम गाळताना डब्यात मिठाची पुडी नेणारा माणूस आता अळणी वरणासमोर मान घालून बसायचा. त्यांची बहीण, माझी आत्या, बूढापाऱ्याहून आली की ऐकवायची, "शिकलेल्या पोट्टीच्या राज्यात मीठ बी भेटत नाही."

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो. बाबांना बाकावर बसवून डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. डायलिसिस आता शरीराला झेपत नाही, म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "अब जो मांगें, खिला दीजिए।"

अर्थ विचारावा लागला नाही.

घरी येऊन मी कपाट उघडलं. ज्वारीची भाकर टाकली, स्टीलच्या ताटात वाढली, बाजूला वाटीत मीठ ठेवलं. बाबांनी मिठाची वाटी जवळ ओढून विचारलं,

"डॉक्टर मानला काय?"

"हव," मी म्हटलं. "आता चालते म्हणे."

पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला. दुसरा हातात तसाच ठेवून फोन मागितला आणि आत्याला लावला. "अवं, मीठ सुरू झालं माझं. सुधारून राहिलो मी."

दुसऱ्या दिवशी आत्या सदर बाजारातून पेढे घेऊन आली. साऱ्या गल्लीत वाटले. मग माझ्याजवळ येऊन, टोमणे मारणारी ती बाई रडायलाच लागली. म्हणाली, मी उगाच बोलत होते तुला, तुझ्या पहाऱ्यानंच माझा भाऊ वाचला. माझ्या हातावर तिनं पेढा ठेवला.

बाबा खाटेवरून कौतुकानं माझ्याकडे बघत होते. मी तो पेढा खाल्ला.