आग्नेस आयचं कापड

नगरहून बस सुटली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं, पण मी टक्क जागी होते. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, नकाशावर बोट ठेवून मुलांना मुंबई दाखवली, पण माझी स्वतःची मुंबई म्हणजे दादरचं एक नातेवाइकांचं घर आणि चौपाटी, बस. या खेपेला उपनगरं बघायची होती आणि तीही लग्नाच्या निमित्ताने. मुलुंडच्या माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी स्नेहल, तिचं लग्न. नवरा मुलगा रॉनी, मरोळ गावठाणातला ईस्ट इंडियन (मुंबईचे मूळचे, मराठी बोलणारे कॅथोलिक). आणि खरी बातमी पुढेच आहे. हा रॉनी पूर्वी कॅथोलिक धर्मगुरू होता, फादर, आणि फादरला लग्न करता येत नाही.

आम्ही प्रोटेस्टंट. आमच्याकडे पाळक (आमचा धर्मगुरू) लग्न करतो, त्याला मुलंबाळं असतात, आणि त्याच्या बायकोच्या हातचं जेवून मंडळीतल्या बायका तिच्याच स्वयंपाकाला नावं ठेवतात. त्यामुळे एका फादरने ते पद सोडून संसार थाटायचं ठरवलंय हे कळल्यावर आमच्या महिला मंडळात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. ‘पेत्राला सासू होती, बायबलात लिहिलंय,’ हे आमचं ठेवणीतलं वाक्य. (पेत्र म्हणजे येशूचा पट्टशिष्य; कॅथोलिक त्याला पहिला पोप मानतात.) सासू होती म्हणजे बायको होतीच. मग फादर लोकांनीच कुणाचं घोडं मारलंय? अशा विचारात माळशेज घाट कधी उतरला ते समजलं नाही. पिशवीतल्या शेंगदाण्याच्या चटणीचा वास मात्र पुढच्या सीटपर्यंत पोचला होता आणि तिथले गृहस्थ वळून वळून बघत होते.

मुलुंडला ताईच्या सोसायटीच्या गच्चीवरून डोंगर दिसतो. हिरवा नव्हता, मे महिना होता, पण मुंबईत घरातून डोंगर दिसतो याचंच मला अप्रूप. मी ताईला त्याची दिशा, उंची, पलीकडचं जंगल सगळं समजावत होते. ती मध्येच म्हणाली, “रॉनीची आई लग्नाला येत नाहीये.”

“का?”

स्नेहल चहा घेऊन आली. ती एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, बोलणं सरळ. “मावशी, त्याने फादरपण सोडल्यापासून ती त्याच्याशी बोललेलीच नाही. आणि तो घाबरट, तिकडे फिरकतच नाही. घाटकोपरला खोली घेऊन राहतो, शाळेत समुपदेशक आहे. नुसती वाट लागलीये यार.”

“तुझ्यामुळे सोडलं असं वाटतंय का तिला?”

“अगं, आम्ही भेटलो तेव्हा त्याला फादरपण सोडून काही वर्षं झाली होती. पण हे तिला सांगणार कोण?”

“मी सांगते,” मी म्हणाले. रुसलेल्या पालकांची समजूत काढण्यातच माझी नोकरी गेलेली.

“जा. पण भाषण देऊ नको ना.”

दुसऱ्या दिवशी एलबीएस रस्त्याच्या बसने घाटकोपर, आणि तिथून मेट्रो. काय सांगू, मेट्रोवर मी लहान पोरासारखी खूश झाले. त्याआधी सामान तपासायच्या यंत्रात माझा चटणीचा स्टीलचा डबा अडकला. तिथल्या मुलीने झाकण उघडायला लावलं, वास घेतला आणि म्हणाली, “जाओ आंटी.” असल्फाला टेकडीभर रंगवलेली घरं खिडकीतून सरकत गेली, निळी, पिवळी, गुलाबी. साकी नाक्यानंतर डोक्यावरून विमान इतकं खाली गेलं की त्याची चाकं दिसली. मी शेजारच्या बाईंना म्हणाले, “बघितलंत का?” त्यांनी मोबाइलमधून मान वर केली नाही.

मरोळ नाक्याला उतरून कारखान्यांच्या आणि काचेच्या इमारतींच्या मधून एका गल्लीत शिरलं की अचानक गाव लागतं. कौलारू घरं, लाकडी सज्जे, वळणावर दगडी क्रूस, त्याला ताजा झेंडूचा हार. हार क्रूसाला, आणि तोही झेंडूचा. आमच्या नगरच्या मंडळीत असं झालं असतं तर त्याच संध्याकाळी बैठक भरली असती.

ओटीवर एक म्हातारी लाल मिरच्या उन्हात पसरत होती. लुगडं नेसलेली, कानाच्या वरच्या पाळीतसुद्धा सोनं. हीच रॉनीची आई, आग्नेस आय (आय म्हणजे आई). ईस्ट इंडियन घरांत मे महिन्यात वर्षाचा मसाला करतात, मग तो काळ्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याला बाटली मसाला म्हणतात.

“कोन तू?”

“मी स्नेहलची मावशी. नगरची.”

“बस. ऊन हाय.”

मी बसले आणि अगदी मनापासून म्हणाले, “तुमचं अभिनंदन करायला आले. तुमचा मुलगा मोकळा झाला.”

तिचा हात मिरच्यांवर थांबला. “मोकला? कशातून मोकला?”

आमच्याकडे असल्या बातमीचं अभिनंदनच करतात. पण त्या ओटीवर बसल्यावर मला कळलं की, घरात माणूस गेलेलं असताना मी बारशाला आल्यासारखी बोलले होते. म्हातारीने मात्र आवाज चढवला नाही. उठली, आत गेली आणि कपाटातून एक घडी आणली. पांढरं सुती कापड, जुन्या तेलाने मधोमध पिवळं पडलेलं.

“बिशपान त्याचे हातांना तेल लावला. ते तेल या कपऱ्यान पुसला,” ती म्हणाली. “मंग कपरा आयला देतात. मी मेले का माजे हातान ठेवायचा. वर देवान इचारला, तू काय आनलास, तं ह्यो दाखवायचा.”

म्हणजे प्रथा अशी: गुरुदीक्षेच्या दिवशी (फादर होण्याचा विधी) मुलाचे तेलाने माखलेले हात ज्या कापडाने पुसतात ते त्याच्या आईचं. ती ते जन्मभर जपते आणि शवपेटीत हातात धरून जाते. मी हे कधी ऐकलं नव्हतं.

“आता तूच सांग बाय,” ती म्हणाली. “पोरगा फादर नाय. मंग ह्यो कपरा खरा का खोटा?”

मी आमच्या पद्धतीचं उत्तर दिलं. “आय, देव कापड बघत नाही, मन बघतो.”

“तुमचा नसंल बघत,” ती शांतपणे म्हणाली.

“तुमच्या चर्चच्या फादरना विचारा की.”

“तो खोटा बोल्ला तं?” तिने घडी पुन्हा घातली. “म्हनून इचारत नाय.”

तेवढ्यात शेजारच्या घरून फुगे आले (आंबवलेल्या पिठाचे गोल, तळलेले पाव), गरम, आतून पोकळ. मी चटणीचा डबा काढला. फुगा आणि नगरची शेंगदाण्याची चटणी हे लग्न आधी लागलं म्हणायचं. आय दोन घास खाऊन म्हणाली, “तिखट नाय.” परत येताना मेट्रोत मी खिडकीबाहेर काहीच बघितलं नाही. ती रुसलीच नव्हती. रिकाम्या हाताने जावं लागेल याची तिला भीती वाटत होती.

रविवारी मुलुंडच्या आमच्या चर्चमध्ये उपासनेला रॉनी आला. पहिल्यांदाच बघत होते मी त्याला. चाळिशी ओलांडलेला, शिडशिडीत, कुठे उभं राहावं ते न समजलेल्या माणसासारखा. पाळकसाहेब उत्साही गृहस्थ. त्यांनी व्यासपीठावरून परस्पर जाहीर केलं, “आज आपल्यात एक बंधू आहे, ज्याला प्रभूने बंधनातून बाहेर आणलं. तो पुढे येऊन साक्ष देईल.” (साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सर्वांसमोर सांगणं.) टाळ्या पडल्या. आमच्याकडे हा मोठा मान. स्नेहलने कपाळाला हात लावला.

रॉनी उठला, पण व्यासपीठावर चढला नाही. बाकाशीच उभा राहिला. “पाळकसाहेब, मला उपदेश करायची परवानगी नाही, म्हणून इथूनच बोलतो. आणि मी बंधनात नव्हतो. ज्यांनी मला घडवलं ते चांगले लोक होते. मला एकटं राहणं पेललं नाही, एवढंच. मी रोमला विनंती केली, त्यांनी मला कामातून मोकळं केलं. मी आता मिस्सा (कॅथोलिक उपासना) करू शकत नाही. पण आमच्यात गुरुदीक्षेचा शिक्का पुसला जात नाही. उद्या या रस्त्यावर कुणी मरणाला टेकला आणि त्याला पापं कबूल करायची असली, तर मला ती ऐकावीच लागतील. लग्न झालेलं असलं तरी.”

मागून एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “म्हणजे तुम्ही फादर आहात की नाही, एक काय ते सांगा.”

“काम नाही. पण आहे.”

चर्चमध्ये कुजबुज झाली. आमच्या मते पाळकपण ही सेवा. उचलली, केली, जमेना तेव्हा खाली ठेवली. देवापुढे पाळक आणि चर्च झाडणारा सारखेच. शिक्का कसला आणि पुसणं कसलं? माझे मेहुणे माझ्या कानाशी लागले, “हे म्हणजे रिटायर झाला तरी मास्तर.” मी म्हणाले, “मला अजून सगळं नगर बाईच म्हणतं.” आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिक्का पुसला जात नसेल, तर कापड खरं.

शेवटचं गीत संपतंय न संपतंय तोच मी रॉनीचा दंड धरला. “चल.”

“कुठे?”

“मरोळला.”

“मावशी, ती दार लावून घेईल.”

“मग बाहेर बसून फुगे खाऊ.”

पाळकसाहेब चहासाठी हाका मारत होते. स्नेहलने हळूच मला हाताने जा जा केलं. मी, आयुष्यात कधी क्रूसाची खूण करायला छातीला हात न लावलेली बाई, कॅथोलिक शिकवण एका कॅथोलिक आईकडे पोचवायला भर उन्हात निघाले होते. मला इतकं स्फुरण चढलं होतं की बसमध्ये मला बसवेना.

मेट्रोत मी त्याला म्हातारीने विचारलेलं सगळं सांगितलं. असल्फाच्या रंगीत घरांवरची नजर काढून तो माझ्याकडे वळला.

“कापड ठेवलंय तिने अजून?” तो म्हणाला. “मला वाटलं, त्याच दिवशी चुलीत घातलं असेल.”

साकी नाक्याला दार उघडलं तसा तो उठला. मी त्याच्या शर्टाची बाही धरून ठेवली. दार बंद झालं.

आय ओटीवरच होती, चाळणीने मसाला चाळत. दार काही लावून घेतलं नाही, पण वरही बघितलं नाही. रॉनी खाली पायरीवर बसला. मुलुंडला छापील मराठी बोलणारा हा माणूस, इथे त्याची भाषाच पालटली.

“आय, कपरा खरा हाय.”

“कोन बोल्ला?”

“चर्च बोलतंय. रोमचा कागदपन त्याच बोलतो. काम घेतला माजा. शिक्का नाय जात.”

चाळणी थांबली. “मंग तू फादर हास?”

“हाय. घरी बसलेला.”

“हात दाखव.”

त्याने दोन्ही तळवे पुढे केले. तिच्या बोटांना मसाला लागलेला, म्हणून तिने मनगटांनीच त्याचे हात जवळ ओढले आणि तळव्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बारीक झालास.” मला रडू आलं. मसाल्यावर ढकलता आलं असतं, पण खरं तर आनंदाने आलं.

लग्न बोरिवलीच्या एका छोट्या कॅथोलिक चर्चमध्ये, आयसकट मोजक्या माणसांत झालं. फादरपण सोडलेल्याच्या लग्नाचा गाजावाजा करायचा नसतो, तसं त्याला रोमने बजावलेलं होतं. पण त्या सकाळी मरोळला जे झालं ते मी बघितलं. ईस्ट इंडियन लग्नात बायका बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरदेवाच्या आंघोळीचं पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. शेजारीण म्हणाली, “बँडशिवाय पानी? आनि फादरला पानी कोन आनतं?”

आयने तांब्याची कळशी उचलली. “आय आनते.”

आम्ही निघालो. आग्नेस आय पुढे, मागे गावठाणातल्या बायका, त्यांच्यात नगरची मी. विहिरीच्या जाळीतून कळशी सोडली तेव्हा वरून एक विमान गेलं. शेजारीण म्हणाली, “झाला, बँड वाजला.” सगळ्या हसल्या आणि हसत हसतच परतल्या. संध्याकाळी बोरिवलीत माझ्या मेहुण्यांनी तिथल्या फादरांना पेत्राच्या सासूबद्दल विचारलंच. फादर म्हणाले, “होती, आणि येशूने तिचा ताप उतरवल्यावर तिने लगेच सगळ्यांना जेवायला वाढलं. चला, पान वाढलंय.”

नगरला निघायच्या दिवशी आय मला निरोप द्यायला मुलुंडपर्यंत आली. माझ्या हातात तिने मसाल्याची बाटली ठेवली आणि बाजूला घेतलं.

“मी मेले का तू ये. कपरा माजे हातान ठेवला का नाय, ते तू बघ. रॉनीला तवा सुधरनार नाय.”

“आय, मी? मी तर असलं काही मानत नाही.”

“म्हनूनच तू. मानतात ते रडत बसतील.”

बस घाट चढत होती. बाटलीचं बूच सैल निघालं आणि मसाल्याचा वास पुढच्या सीटपर्यंत पोचला. तिथल्या बाईंनी वळून बघितलं. माझं मत काही बदललेलं नाही. देव कापड बघत नाही, मन बघतो, हे मी आजही महिला मंडळात सांगते. पण मरोळहून निरोप आला की मी पहिल्या बसने निघणार आहे. आणि तिच्या बोटांत ती घडी नीट बसल्याशिवाय पेटीचं झाकण लावू देणार नाही.