आप्पांचा दुसरा गिअर

आमच्या घरात सायकलच्या गिअरवरून दोन तट पडले होते. एका तटात मी, दुसऱ्यात बाकी सगळं कोगनोळी गाव.

नोकरी बेळगावात, पण रविवारी मी गावी असतो. त्या रविवारी आलो तो बिनतारी गिअरची सायकल घेऊनच. हँडलवरचं बटण दाबलं की गिअर बदलतो!

"आप्पा, ह्याला म्हणायचं सुधारणा!"

"माझ्या सायकलला बी दोन गिअर हाईत की," माझे वडील शांतपणे म्हणाले. "एक बसून, दुसरा उतरून."

अख्खी ओसरी हसली. मी पेटलो. (मला पेटायला काडी लागत नाही.) आप्पांची ती काळी सायकल आता त्यांना झेपत नाही, असं माझं ठाम मत. पैज लावली. गावाबाहेरच्या चढाच्या माथ्यावर मी आधी पोचलो, तर काळी सायकल मोडीत! आप्पांनी तिच्या सीटवरून हात फिरवला आणि "व्हय" म्हणाले.

निघण्यापूर्वी माझी सायकल किती हलकी आहे हे दाखवायला मी आईचा वजनाचा काटा मागवला. त्यातला सेल संपलेला. मी घाईघाईत दुसरा पैदा केला, वजन दाखवलं, सगळ्यांकडून वाहवा घेतली आणि सुटलो.

सपाटीला इतका पुढे गेलो की मागे वळून आप्पांना हातसुद्धा केला. मग चढ लागला. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. सायकल सगळ्यांत जड गिअरमध्ये घट्ट! उभा राहून पायडल मारलं, तर पोटरीत गोळा आला आणि मी कडेच्या गवतात आडवा.

मागून आप्पा आले, दुसऱ्या गिअरमध्ये. म्हणजे उतरून, सायकल ढकलत.

"काय झालं रं?"

"गिअर पडंना. पोटरीत गोळा आलाय, आप्पा!"

"थांब हितंच. शर्यत संपवून आलो."

आणि खरंच वर जाऊन आले! मग मला कॅरिअरवर बसवलं. मी एका हाताने त्यांचा शर्ट धरला, दुसऱ्याने माझी महागडी सायकल शेजारून ओढत राहिलो. पाठीला तोच वास, खोबरेलाचा आणि घामाचा. निपाणीच्या शाळेला जाताना मी ह्याच पाठीला गाल टेकून झोपायचो. खोटं कशाला सांगू, भरून आलं. आणि ही सायकल मी मोडीत घालायला निघालो होतो!

तेवढ्यात पारावरून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, पोरगं अजून सायकल शिकलं न्हाय व्हय?"

"शिकतंय, शिकतंय!"

घरी आई काट्यावर उभी होती. "कसला सेल घातलास रं? काटा लई झकास चाललाय!"

मी हँडलवरचं बटण उघडून पाहिलं. आत सेलची जागा रिकामी. मुकाट्याने काट्यावर चढलो. सायकल खरंच हलकी होती हो. जड कोण होतं, ते माझ्याच गिअरच्या सेलने आकड्यात दाखवलं!