पाटीवरचं फुकट वायफाय

सलग सुट्टी मिळाली आणि मी ठाण्याहून दुचाकी काढली. शहापूरला मिसळ खाल्ली, भातसानगरकडे वळून पाण्याचे ढीगभर व्हिडिओ काढले आणि किन्हवली-सरळगावमार्गे धसईच्या अलीकडे बळीरामदादांच्या घरी मुक्कामाला पोचले. किन्हवलीनंतर रस्ता वळणांचा आहे, गाडी जपून चालवा. जेवणासह एका रात्रीचे हजार रुपये; तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पोटभर. दारातल्या पाटीवर लिहिलेलं, 'वायफाय फुकट'. घरात मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे पाटी पाहून मी खूश! संध्याकाळी सगळे व्हिडिओ अपलोडला लावून ओट्यावर गप्पा मारत बसले.

सकाळी नऊला दादांची मुलगी प्राजक्ता लॅपटॉपसमोर रडकुंडीला आलेली. दहाला व्हिडिओवर तिची मुलाखत होती, नर्सच्या नोकरीसाठी. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं.

"म्हैन्याचे जीबी ठरलेले असतात, ताई," दादा म्हणाले. "संपले का नेट गोगलगाय. जादा घेतले तरी चालू व्हायला दुपार होते. पण संपले कसे? चार दिस घरात कुणी पिक्चर लावला नाय. हिच्यासाठी राखलेले."

मला कालचे व्हिडिओ आठवले. "दादा, मीच संपवले. पण मग मला पासवर्ड दिलात कशाला?"

"पावण्याला नाय कसं म्हणायचं?" वहिनी म्हणाल्या.

रेंज धसईत, अर्ध्या तासावर. प्राजक्ताला मागे बसवलं आणि सुटले. वळणावर समोर एसटी आली तेव्हा कचकन ब्रेक दाबला. दहाला पाच मिनिटं असताना एका बियाण्यांच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने काही न विचारता गोण्यांमागे खुर्ची टाकली. मी तिच्या हातात माझा फोन दिला.

दुसऱ्याच प्रश्नाला चित्र थिजलं. "मॅडम, माझा आवाज येतोय का?" तिने चारदा विचारलं. मी बाहेर नखं खात उभी. पुन्हा लागलं खरं, पण बराच वेळ गेला होता.

घरी परतलो, आणि निघताना मी नेटचे म्हणून दादांपुढे जादा पैसे केले. दादांनी ते परत माझ्या हातात ठेवले. "पाटीवर फुकट लिवलंय ना, ताई."

घरी माझं नेट अमर्याद आहे. कितीही वापरा, बिल तेवढंच, म्हणून जीबी कधी मोजलेच नाहीत. तिकडे जरूर जा, पण पासवर्ड घेण्याआधी विचारा, तुमचं नेट मोजून मिळतं का? मी विचारलं नाही, याची लाज अजून जात नाही.

आज प्राजक्ताचा मेसेज आला. लगेच उघडला.

"ताई, निकाल अजून नाय. बाबा सांगतात, पासवर्ड तोच ठेवलाय, परत या."