‘पडाव’ पुन्हा वाजला, आणि माझी गाळण उडाली

सिसिलवहिनींचा फोन आला तेव्हा मी ‘नाही’ म्हणायच्या तयारीत होतो. ‘पडाव’ हा आमचा जुना बँड. गावातली लग्नाची, बागायतीची गाणी घ्यायची आणि गिटार-ड्रमवर दणक्यात वाजवायची, एवढाच उद्योग. आग्नेल गायचा आणि गिटार वाजवायचा, हेमंत ड्रमवर, मी मेंडोलिनवर. अठरा वर्षांपूर्वी पोटापाण्यासाठी पांगलो. आता वसईत, आग्नेलच्या गावच्या मैदानावर, रविवारी संध्याकाळी पाचला एकदा परत वाजवायचं, असं त्याने मनावर घेतलं होतं. आणि आठ महिन्यांपूर्वी आग्नेलला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता.

“बोलता येत नाही ह्यांना,” वहिनी म्हणाल्या. आग्नेलच्या त्या पत्नी. “पाणी मागायचं तरी घामाघूम होतात. पण गाणं येतं हो! कडव्याचा पहिला शब्द कोणी दिला की पुढचं सगळं आपोआप सुटतं. तो शब्द तुम्ही द्या, भाऊजी. हेमंत मागे बसतो, ह्यांना दिसत नाही.”

“आणि मध्येच अडकला तर?”

“तर परत पहिला शब्द द्यायचा. कडवं पहिल्यापासून. म्हणून तर तुम्हाला बोलावते.”

मुळात मी भित्रा. पाल दिसली तरी बायकोला हाक मारणारा. तरी चारशे माणसांसमोर मित्राची वाचा सांभाळायला ‘येतो’ म्हणून बसलो.

शनिवारी सकाळी सहाला नाशिक सोडलं. कसारा घाट उतरून पडघ्यापर्यंत रस्ता छान आहे. नाश्ता शहापूरच्या आसपास उरकून घ्या. मिसळ नव्वद रुपये, तिखट बेताचं. भिवंडीनंतर अंजूरफाट्यावरून कामणमार्गे चिंचोटीला निघायचं. हा तुकडा नकाशावर बोटभर दिसतो, प्रत्यक्षात कंटेनर आणि खड्डे यांच्यामध्ये जीव मुठीत धरून जावं लागतं. मला दीड तास लागला.

कामणला चहाला थांबलो. टपरीवाल्याने माझा चेहरा पाहिला.

“घाबरले काय शेठ? एक करा, कंटेनरच्या मागं मागं जा. तो जिकडून वळंल तिकडून वळा. पुढं पानी साचलंय, खड्डा दिसनार नाय.”

“आणि कंटेनरच खड्ड्यात गेला तर?”

“मग तुम्ही थांबा की!” तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तालीम वसईजवळ वालीवला होती, हेमंतच्या गाळ्यात. तो लोखंडी रॅक बनवतो. शनिवारी दुपारी मशीन बंद ठेवली होती. आग्नेल खुर्चीवर बसला होता. अंगाने अर्धा झालेला, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. मला बघून हसला आणि डाव्या हाताने माझी कॉलर ओढून जवळ घेतलं. गिटार आता सुटली होती. मला रडू आलं, पण मेंडोलिन सुरात लावायचं निमित्त करून मी मान खाली घातली.

मी “बाबा” म्हणालो आणि आमच्या जुन्या, विहिरीवरच्या रहाटाच्या गाण्याचं पहिलं कडवं त्याने सणसणीत गायलं. दुसऱ्याचा शब्द “दादा”, तिसऱ्याचा “आई”. तालमीत तो दोनदा अडकला. अडकला की डोळे मोठे व्हायचे आणि ओठ नुसते हलायचे. मी शब्द द्यायचो, गाडी पुन्हा पहिल्यापासून.

स्टेशनजवळच्या लॉजमध्ये खोली बाराशेला मिळाली, स्वच्छ होती. हेमंतने आग्रहाने भुजिंग आणलं. विरारकडे गेलात तर हे पोह्यातलं भाजलेलं चिकन सोडू नका. मला मात्र दोन घासही गेले नाहीत.

रविवारी पाचला मैदान भरलं होतं. पहिल्या रांगेतून दोन बायकांचं बोलणं कानावर आलं.

“आजारी माणसाला उभं करतात, लाज नाही वाटत?”

“अगं, त्यालाच उभं राहायचंय. सिसिलला विचार.”

पहिली तीन गाणी पार पडली. चौथं रहाटाचं. बाबा झालं, दादा झालं, “आई” म्हणालो, तिसरं कडवं सुरू झालं. आणि शेवटच्या ओळीआधी आग्नेल थांबला. हेमंतचे हातही थांबले. माझी पाचावर धारण बसली आणि मी माइकमध्ये ओरडलो, “आई!”

तोंडातून शब्द सुटला त्याच क्षणी मला आठवलं. तरुणपणी आग्नेल नेमका इथेच थांबायचा. ड्रम बंद, फक्त माझी एक तार चालू, लोकांना तंगवत ठेवायचं आणि मग शेवटची ओळ फेकायची. तालमीत त्याने हा थांबा घेतला नव्हता. हेमंतला तो आठवला होता, मला नाही. आता शब्द पडल्यावर आग्नेलचा इलाज नव्हता. कडवं त्याला पुन्हा सुरुवातीला ओढून घेऊन गेलं. तो गात होता आणि डोळ्यांनी मला खाऊन टाकत होता.

पुन्हा तीच जागा आली. तो थांबला. मी डोळे गच्च मिटले, दात आवळले आणि ती एक तार वाजवत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. मागून कोणीतरी शिट्टी मारली. ‘आई’ जिभेवर आली होती, ती गिळली. मग आग्नेलचा आवाज आला, शेवटची ओळ, अख्खी. लोक उभे राहिले. माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

सोमवारी त्याच रस्त्याने परतलो. या वेळी कंटेनरच्या मागे मागे. सोबत वसईची सुकेळी आणली. वाळवलेली केळी, प्रवासात टिकतात. सगळ्यांना सांगितलं, छान झाला कार्यक्रम. मलाही तसंच वाटत होतं.

मंगळवारी वहिनींचा फोन आला. मी आधी माफी मागितली.

“पहिल्यांदा मुद्दामच थांबले होते. फार चिडले तुमच्यावर,” त्या हसल्या. मग म्हणाल्या, “दुसऱ्यांदा मात्र खरंच गेला होता शब्द. मी विचारलं तर कपाळाला बोट लावलं आणि रिकामा हात दाखवला.”

मैदानावर घाबरलो नसेन इतका नाशिकला, माझ्या स्वयंपाकघरात घाबरलो. तो बुडत होता आणि मी डोळे मिटून बसलो होतो.

“मग ओळ आली कशी?”

“आली. त्यांची त्यांना आली. थांबा, ह्यांना काहीतरी सांगायचंय.”

फोनवर आग्नेलचा श्वास ऐकू येऊ लागला. एक अक्षर निघायचं, तुटायचं. मला दहा शब्द सुचत होते. कुठलाही दिला असता तरी त्याने तो घेतला असता. मी तोंडावर हात ठेवला आणि थांबलो. गॅसवरचा चहा उतू गेला.

“परत ये,” आग्नेल म्हणाला.