शेजारच्या सीटवरचा

विमान धावपट्टी सोडून शेतात घुसलं आणि मधोमध मोडलं. शेपटाकडचे आम्ही काहीजण वाचलो. माझ्या शेजारी पापनाशमजवळच्या खेड्यातला, माझ्याच वयाचा नि बांध्याचा एकजण होता. त्याला खिडकी हवी होती, म्हणून मी माझी सीट दिली होती. पुढे त्या गोंधळात नावं लावली ती सीटच्या नंबरावरून. तो मेला माझ्या नावानं, मी वाचलो त्याच्या.

काका प्रेत घ्यायला गेले. चेहरा उरला नव्हता, कमरेला चांदीचा करगोटा होता. "आमचाच," म्हणाले. तंजावरात जन्म काढलेल्या माणसाला एवढं ठाऊक नसावं, की या मुलखात निम्म्या पुरुषांच्या कमरेला तो असतो? ओळखी लावून त्यांनी तपासणीआधीच प्रेत सोडवलं आणि वर तोरा मिरवला.

मी इस्पितळात होतो. तोंडाला बँडेज, जबडा तारेनं बांधलेला, हात प्लास्टरात. उशाशी त्याची आई. ती मला नळीनं तांदळाची कंजी पाजायची, ओल्या फडक्यानं पाय पुसायची, राजा म्हणायची. मी मान हलवून नाही म्हटलं की विचारायची, दुखतंय का रे?

तारा काढल्या त्या सकाळी तोंडातून आपसूक मराठीत आलं, "आई, पाणी दे." नर्स म्हणाली, बरळतोय. तिला मात्र कळलं. तंजावरच्या बाजारात ही भाषा तिनं ऐकली होती. तरी तिनं पाणी पाजलं आणि पाय पुसायला घेतले. मला तिची भीती वाटली. मी तमिळमध्ये ओरडून माझं नाव, पत्ता सांगितला. एक पाय पुसायचा राहिला. ती भिंतीला टेकून बसली.

संध्याकाळी काका आले. मला कवटाळून रडले, मग तिला समजावू लागले. "अम्मा, काही कसर ठेवली नाही. मंत्रानं अग्नी दिला, राख कावेरीत सोडली. अगदी पोटच्या पोरासारखं केलं."

"आमच्यात पुरतात," ती म्हणाली. "जागा तरी दाखवा. येऊन बसत जाईन."

 काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "उद्या घरी नेतो तुला. पायसम करायला सांगितलंय."

खिरीचा तो तमिळ शब्द तिलाही कळला. मला तिची कीव यायला हवी होती. आला तो राग. मी जिवंत होतो आणि तिला ते नको होतं. ती उठली, माझ्या उशाखाली हात घालून देवळातून आणलेली अंगाऱ्याची पुडी तिनं काढून घेतली. ती तिच्या मुलासाठी होती.