आईच्या पायाला बघायला आलेली माणसं

मालवणात आमची छोटी खानावळ आहे. मी पानं वाढते आणि आई चुलीसमोर उभी, अगदी माझ्या जन्माआधीपासून. तिच्या पायांच्या शिरा फुगून दोरीसारख्या वर आल्या होत्या, तरी ती लुगड्याचा काठ खाली ओढून त्या झाकायची. घोट्याजवळची जखम काही केल्या भरेना, तेव्हा कुठे कुडाळच्या डॉक्टरांकडे यायला तयार झाली. तीही एका अटीवर, परत चुलीपुढे उभं राहता आलं पाहिजे.

"पाय कापूचो नाय मा?" तिने दारातच विचारलं.

डॉक्टर हसले. गुडघ्याजवळ सुईएवढं भोक, त्यातून बारीक तार आत घालून लेसरने बिघडलेली शीर बंद करायची, एवढंच. भूलही पायापुरतीच. दुपारी घट्ट मोजे चढवून आई स्वतःच्या पायांनी गाडीत बसली. "झोपवून ठेवू नका, चालवा," डॉक्टरांनी मला बजावलं. "पडून राहिल्या तर रक्ताची गुठळी होऊ शकते."

हे आमच्या वाडीला कोण सांगणार? आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे तो आडवाच हवा. दुसऱ्या दिवशी खानावळ बंद बघून माणसं शहाळी, बिस्किटं घेऊन आली. अंगणात फेऱ्या मारणारी आई चाहूल लागली की लगबगीने खाटेवर पडायची आणि चादर ओढायची. उभी दिसली तर लोक म्हणतील, हिका झाला तरी काय! शेजारणीने तर पायाखाली उशीच सरकवली. "निज गो वयनी, उठा नको."

संध्याकाळपर्यंत माझं डोकं फिरलं. "बघायला आलात ना? मग चला तिच्यासोबत जेटीपर्यंत!" मी ओरडले. बायका कुरकुरत निघाल्या, आणि आईही.

जेटीवर बायकांच्या गप्पा मासळीच्या भावावर घसरल्या. आई मात्र बाजूला कठड्याला टेकून उभी. पाय दुखतो का, मी विचारलं.

"पाय बरो आसा. पण सगळी निज निज म्हणतत. उभ्यान जल्म गेलो माझो, तेवा कोणी बस म्हणूक नाय. आता माझो उपेग संपलो काय गो?"

मी तिचा हात धरला. म्हटलं, जखम भरली की चूल तुझीच, पण शेजारी स्टूल ठेवणार आणि मधून मधून बसायचं.

"ठेव," आई म्हणाली. "पण दोन ठेव. तुझ्या पायार शीर वर इलेली माका दिसता."